धोंडुबाईची हजेरी

बिरोबाच्या वाडीतल्या बायका काही खोटं बोलणाऱ्या नव्हेत. शेजारणीच्या कोंबडीने आपल्या परड्यात अंडं घातलं तर ते नेऊन देतील, वर कोंबडी नीट बांधत नाही म्हणून दोन शब्द सुनावतील. पण एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीत, पाझर तलावाच्या कामावर नावं नोंदवायच्या दिवशी, त्या झाडून साऱ्या खोटं बोलल्या. तेही सरकारी कागदावर अंगठे उठवून. आणि सुरुवात केली राहीबाईने.

खुर्चीत ओव्हरसियर बसला होता, शेजारी मुकादम आप्पासो उभा. कागदावर रकाने आखलेले. नाव, वय, गाव असं विचारत विचारत ओव्हरसियरने मान वर न करता विचारलं, "लहान मूल आहे का?"

राहीबाईची दीड वर्षाची लेक तेव्हा मागे बाभळीखाली म्हाताऱ्या धोंडुबाईच्या मांडीवर बसून माती खात होती.

"न्हाई," राहीबाई म्हणाली.

तिला दोष देऊन उपयोग नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती वीस वर्षांची होती, थोरला मुलगा अंगावर पीत होता. त्याला घेऊन ती खडी फोडायला गेली, तर तिथल्या मुकादमाने तिला परत पाठवलं. तीन दिवस हेलपाटे घातले, तिन्ही दिवस हाकलली. तान्हं लेकरू घेऊन काम होतंय होय, म्हणाला. घरी चूल थंड आणि अंगावरचं दूधही आटलेलं. ते दिवस ती विसरली नव्हती. त्यामुळे सरकारी माणसाने मुलाचं विचारलं की नाही म्हणायचं, एवढी अक्कल तिने पदराला बांधून ठेवली होती.

तिच्या मागची साळूबाई तीन मुलांची आई. तीही "न्हाई" म्हणाली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. चौतीस बायका, आणि एकीलाही मूल नाही. ओव्हरसियरला यात काही वावगं दिसलं नाही. त्याने रकान्यात लिहिलं, 'मुले: निरंक', आणि चहा मागवला.

खरी गोष्ट अशी होती की यंदाचं सरकार मुलांचं विचारत होतं ते हाकलायला नव्हे, सोय करायला. पण ते सांगणं रकान्यात नव्हतं, म्हणून ओव्हरसियरने सांगितलं नाही.

आता कागदावर मुलं नसली तरी बाभळीखाली ती होतीच. बायकांनी त्याची तोड आपल्या पद्धतीने काढली. वाडीत सावड जुनी. तुझ्या रानात मी राबते, माझ्या रानात तू राब, हिशेब तोंडी. तशीच सावड त्यांनी कामावर बांधली. धोंडुबाई सत्तरीला टेकलेली, एकटी. नवरा गेला, मेंढरं गेली, मागे कुणी नाही. मेंढरांमागे तिने पन्नास वर्षं काढली होती, कृष्णाकाठापासून पार कर्नाटकात. हात आता कापायचे, मातीची पाटी डोक्यावर ठरत नव्हती. तिचं नाव हजेरीवर घातलं, आणि ठरलं की तिने लेकरं सांभाळायची, तिच्या वाटणीची माती बाकीच्यांनी काढायची.

धोंडुबाईने तीन बाभळींभोवती काट्यांचं कुंपण घालून मेंढरांचं वाडगं करतात तसं वाडगं केलं. एक चिंचोळी वाट ठेवली, तिथे काठी घेऊन बसली. माती काढायच्या खाणीकडे एक पोर कधी फिरकलं नाही. संध्याकाळी खड्ड्याचं माप घेतलं की माती पुरेपूर भरायची, तसूभर कमी नाही. आप्पासोला सगळं ठाऊक होतं. पण त्याच्या बहिणीची दोन त्याच वाडग्यात असत, त्यामुळे त्याची नजर नेमकी दुसरीकडे असायची.

असं दोन महिने छान चाललं. मग एप्रिलात एक तपासणी अधिकारी जीपमधून उतरला.

त्याने हजेरीपट हातात घेतला आणि नावं पुकारू लागला. धोंडुबाईचं नाव आलं. "हाय की," बाभळीखालून आवाज आला. अधिकारी तिथवर चालत गेला. म्हातारीच्या खांद्यावर एक पोर झोपलेलं, दुसरं तिच्या पाठीला रेललेलं.

"हातात पाटी नाही, खोरं नाही. हजेरी कसली मांडता हिची?"

राहीबाई खोरं टाकून धावत आली. "तिच्या वाटनीची माती आमी काढतोय सायब. माप पुरं हाय. इचारा मुकादमाला."

तिला वाटलं हे सांगितलं की मिटलं. पण अधिकाऱ्याचा चेहरा उलट उजळला. "म्हणजे काम एकाचं आणि मजुरी दुसऱ्याला. तुम्हीच कबूल करताय." त्याने तांबड्या पेन्सिलीने धोंडुबाईच्या नावावर रेघ ओढली. शेजारी लिहिलं, 'बोगस'. मग त्याला वाडगं दिसलं. "आणि ही पोरं कुणाची?"

चौतीस आयांनी चौतीस दिशांना पाहिलं. शेवटी साळूबाई म्हणाली, "वाडीतली हायत सायब. खेळाय आल्यात."

बोलता बोलता तिचाच धाकटा तिच्या लुगड्याला येऊन लोंबकळला. अधिकाऱ्याने ते पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि तो जीपमध्ये बसला.

धोंडुबाई दुसऱ्या दिवशीही आली. हजेरी नाही, तरी दिवसभर वाटेवर काठी धरून बसली. दुपारी राहीबाईने अर्धी भाकरी पुढे केली. धोंडुबाईने हात लावला नाही.

"खा की आत्ती. काल खात हुतीस."

"काल माजी हजेरी हुती," धोंडुबाई म्हणाली. "ह्यी तुज्या लेकीच्या तोंडची हाय. जलमभर कुनाच्या दारात वाडगा घिऊन गेली न्हाई म्या, आता कशाला जाऊ?"

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. राहीबाई तिच्या खोपटाकडे गेली तर म्हातारी घोंगड्याची वळकटी बांधत होती. अथणीकडे तिची भाची होती, तिच्याकडे निघाली होती. भाची बरी होती, पण भाचीचा नवरा तिला शब्दाशब्दाला ताटाची आठवण करून देणार हे दोघींनाही माहीत होतं.

"चार दिस थांब," राहीबाई म्हणाली.

"थांबून काय हुनार हाय?"

राहीबाई तशीच परतली. साहेबापुढे आपणच बोलून बसलो म्हणून तिला स्वतःचाच राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. इकडे कामावर निम्म्या बायका आल्याच नव्हत्या. लेकरं टाकून यायची कुणाच्या जिवावर?

मुकादम सोडला तर वाडीत लिहिता-वाचता माणूस एकच, आकाराम हवालदार. फौजेतून पेन्शनीवर आलेला. सांगलीचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन एसटीने त्याच्याकडे यायचं, आणि ते तो जाहिरातींसकट मोठ्याने वाचायचा. राहीबाईचा नवरा कोंडीबा कुंडलकडे उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेलेला, सल्ला घ्यायला घरात कुणी नव्हतं. ती आकारामकडे गेली आणि सगळं सांगितलं.

आकारामने चष्मा चढवला. "चल माज्याबरुबर."

त्याने तिला चावडीवर नेलं. भिंतीवर एक छापील कागद महिनाभर चिकटवलेला होता. त्याच्यावर कुणीतरी तंबाखूचा चुना पुसला होता, वाडीत त्या कागदाचा तेवढाच उपयोग झालेला. आकारामने बोट ठेवून वाचलं. यंदाच्या सव्वीस जानेवारीपासून रोजगार हमीचा कायदा लागू झालेला आहे, काम मागणाऱ्याला काम द्यायचं, कामावर पिण्याचं पाणी द्यायचं, आणि कामावर बायकांची लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी सावली करायची व सांभाळायला एक बाई हजेरीवर लावायची.

राहीबाईने परत वाचायला लावलं.

"तात्या, म्हंजी धोंडुआत्तीची हजेरी खरी हुती?"

"खरी हुती न्हवं, सरकारनंच मांडाय पायजे हुती. आमच्या पोराच्या मुंबैच्या पगारातनं दर म्हैन्याला कर कापत्यात ह्या कामासाठी. सगळ्या पक्षांनी हात वर करून कायदा केलाय. उपकार न्हाईत कुनाचं."

"मग बाई का दिली न्हाई?"

आकारामने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "आगं, तुमी चौतीस जनींनी अंगठं उठवून सांगितलंय, लेकरं न्हाईत. सरकारनं सांभाळाय बाई लावायची ती कुनाला? बाभळीला?"

राहीबाईने कपाळावर हात मारून घेतला. म्हातारीच्या नावावर रेघ ओढणारी पेन्सिल अधिकाऱ्याची होती खरी, पण तिला टोक आपणच काढून दिलं होतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

सकाळी तिने सगळ्या बायकांना खाणीच्या काठावर बसवलं आणि सांगितलं की आता खरं बोलायचं. साळूबाईची पाचावर धारण बसली.

"अंगठा उठवून खोटं बोलल्याबद्दल धरून नेतील की गं."

"नेतील तर मला नेतील. पैल्यांदा न्हाई म्या म्हनलं. पैल्यांदा व्हय बी म्याच म्हनीन."

"आन आमचं काम गेलं तर?"

"आत्ता तरी कुटं हाय? निम्म्या जनी घरी बसल्यात लेकरं राखत." राहीबाईने पदर खोचला. "कायदा आपल्या बाजूचा हाय आन आपुनच त्येच्यापास्नं लपतोय. आसं कुटं आसतंय व्हय?"

एकेक करून बायकांच्या माना हलल्या.

योग असा की येत्याच सोमवारी मुंबईहून आमदारांची कमिटी येणार होती, रोजगार हमीची कामं बघायला. आकारामने ते पेपरात वाचलं होतं, आणि ओव्हरसियरच्या धावपळीवरूनही ते कळत होतं. पाण्याच्या पिंपाला एका दिवसात रंग लागला. रविवारी ओव्हरसियरने बायकांना बोलावून बजावलं, "उद्या एकही पोर इथं दिसता कामा नये. कागदावर निरंक आहे, जागेवरही निरंक पाहिजे."

"बरं सायब," राहीबाई म्हणाली. तेवढं एक खोटं तिने अजून बोलून घेतलं.

रविवारी ती धोंडुबाईकडे गेली. वळकटी दाराशीच होती. "उद्या एक दिस कामावर ये," ती म्हणाली. "मग जायचं तर जा. म्या सोता एसटीत बसवून दीन."

सोमवारी दहा वाजता दोन जीपगाड्या धुरळा उडवत आल्या. पहिलीतून सत्तेतले एक आमदार उतरले, पांढरी टोपी, पांढरा सदरा. दुसरीतून विरोधी बाजूचे एक उतरले, जाड काचांचा चष्मा, हातात वही. मागे चार-दोन साहेब. एकाच कमिटीत असले तरी दोघांचं एकमेकांवर बारीक लक्ष होतं. ओव्हरसियर माप दाखवू लागला, बांध दाखवू लागला, रंगवलेलं पिंप दोनदा दाखवलं.

राहीबाई खोरं हातात घेऊनच पुढे झाली. "सायब, हितं आमची लेकरं हायत. त्येंची सोय न्हाई."

चष्मेवाल्यांनी वही उघडली. "किती मुलं आहेत?"

"नोंद निरंक आहे साहेब," ओव्हरसियर घाईने म्हणाला. "आज गाड्या बघायला गावातली पाच-दहा आली असतील."

आणि मुलं कुंपणातून खरोखरच बाहेर फुटली होती, कारण जीप काही रोज येत नाही. कुणी चाकाला झोंबलं, कुणी आरशात दात बघू लागलं, कुणी टोपीवाल्यांच्या धोतराचा सोगा धरला. दोन्ही आमदार मोजू लागले. टोपीवाल्यांची बारा भरली. चष्मेवाल्यांची एकोणीस, पण त्यात साळूबाईचा धाकटा तीनदा आला होता.

"हे बघा, दहा-बारा," ओव्हरसियर म्हणाला. "आणि ही मजुरांचीच कशावरून?"

धोंडुबाई इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होती. आता ती उठली.

"आसं मोजत्यात व्हय सायब? मेंढरांचं पळतं खांड कवा मोजून झालंय का?"

तिने जिभेने एक आवाज काढला, माळावरची मेंढरं ज्या आवाजाला माना वळवतात तो. दोन महिन्यांची सवय. सगळी मुलं जिथं होती तिथून सुटली आणि वाडग्यात शिरली. टोपीवाल्यांचा सोगाही सुटला. धोंडुबाई चिंचोळ्या वाटेवर उभी राहिली, काठी आडवी धरली. काठी उचलली की एक पोर बाहेर, काठी खाली. पुन्हा उचलली, पुन्हा एक. थोरल्या पोरींच्या कडेवर तान्ही होती, ती वेगळी मोजली. वीस झाली की तिने एक खडा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. अख्ख्या माळावर तिच्या मोजण्याखेरीज आवाज नव्हता. चष्मेवाले वहीत रेघा ओढत होते, आणि टोपीवाले बोटांवर मोजत होते.

शेवटचं पोर बाहेर आलं. धोंडुबाईने डावी मूठ उघडली, त्यात दोन खडे होते.

"दोन विसा आन वर सात."

चष्मेवाल्यांनी रेघा बेरजेला घेतल्या. "सत्तेचाळीस. बरोबर."

मग राहीबाई गेली आणि आपली लेक उचलून कडेवर घेतली. साळूबाई गेली, तिने तीन घेतली. एकामागून एक चौतीस बायका गेल्या, जिनं तिनं आपापली उचलली. वाडग्यासमोर एक पोर शिल्लक राहिलं नाही.

"सायब," राहीबाई म्हणाली, "आमी फेब्रुवारीत अंगठं उठवून खोटं सांगितलं, लेकरं न्हाईत म्हून. पैल्यांदा म्या सांगितलं. काय शिक्षा असंल ती मला द्या. पर ह्या म्हातारीनं दोन म्हैनं ही सगळी राखली, एकाला काटा मोडू दिला न्हाई. तिचं नाव बोगस म्हून खोडलंय. ती बोगस न्हाई. आमचा कागद बोगस हाय."

"खोटं का सांगितलंत, बाई?" चष्मेवाल्यांनी विचारलं. तिने बहात्तर सालचे तीन दिवस सांगितले. फार नाही, चार वाक्यं. शेवटचं सांगताना तिने लेकीला घट्ट धरलं.

चष्मेवाले टोपीवाल्यांकडे वळले. "त्या साली सरकार तुमचं होतं, नाही का?"

"आणि हा कायदा मांडला तेव्हा कुणाचं होतं?" टोपीवाले म्हणाले. "आम्ही मांडला."

"मांडलात. बोलून बोलून आम्ही मांडायला लावला."

एका कायद्याचे दोन बाप भांडत होते आणि बायका बघत होत्या. पण त्या भांडणाने जे केलं ते दहा अर्जांनी झालं नसतं. टोपीवाले ओव्हरसियरला म्हणाले, आठ दिवसांत इथं मांडव उभा राहिला पाहिजे. चष्मेवाले म्हणाले, आठ कशाला, तीन दिवस पुरे. टोपीवाले म्हणाले, बाईंना उद्यापासून हजेरीवर घ्या. चष्मेवाले म्हणाले, उद्या का, आज का नको? सांगलीच्या हळद बाजारात बोली चढते तशी ती चढत गेली, आणि शेवटी टोपीवाल्यांनी हात आपटून सौदा पक्का केला. "ज्या दिवशी रेघ मारली त्या दिवसापासून. आणि रेघ मारणाऱ्याचा खुलासा मला पाहिजे. या बायकांच्या अंगठ्यांवर कारवाई करायची नाही. कायदा समजावून न सांगणाऱ्यावर करू."

आता याच्यापुढे बोली नव्हती. चष्मेवाल्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं, टोपीवाल्यांची सहीही घेतली.

बायकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. साळूबाई मात्र मटकन खाली बसली आणि "धरून न्हाई न्हेत?" असं दोनदा विचारलं. आकाराम बांधावर ताठ उभा होता, पलटणीत उभा राहावा तसा.

ओव्हरसियरने सगळ्यांदेखत हजेरीपट उघडला. तांबड्या रेघेच्या खाली नवी ओळ घातली. धोंडुबाई जवळ जाऊन वाकून बघत राहिली, जसं काही तिला वाचता येत होतं.

"काय लिवलं रं आप्पासो?"

मुकादमाने वाचून दाखवलं. "धोंडुबाई. वय सत्तर. काम, मुलं सांभाळणे."

"ह्ये काम हाय व्हय?"

"कायद्यानं काम हाय आत्ती. पाटी-खोऱ्याबरुबरीचं."

धोंडुबाईने थोडा विचार केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मग आमी बाया जलमल्यापास्नं कामावरच हाय की रं. हजेरी तेवडी कुनी मांडली न्हवती."

चष्मेवाल्यांचं पेन थांबलं. टोपीवाल्यांनी टोपी काढून उगाच झटकली आणि पुन्हा घातली. बायका मात्र हसत सुटल्या, इतक्या की कडेवरची तान्हीही दचकून त्यांच्याकडे बघू लागली. राहीबाईही हसली, आणि हसता हसता तिला एकदम रडू कोसळलं. दोन महिने, का सात वर्षं, कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

धोंडुबाईने तिच्या कडेवरची लेक ओढून आपल्याकडे घेतली.

"जा, खोरं घे," ती म्हणाली. "मला माजं काम करू दे."